सात वाजताची पाणीपातळी

चौथ्या दिवशीही फोटोखाली चांदणी आली नाही, तेव्हा ओन्नो हायेनने चहाचा कप तसाच बाजूला सारला आणि स्वतःशीच म्हणाला, "सर्दी झाली असेल पोरीला. मार्च महिना आहे."

सर्दी झालेल्या माणसाला बोटाने स्क्रीनवरची एक चांदणी दाबता येत नाही असं काही नसतं, हे ओन्नोलाही कळत होतं. पण माणूस एकदा स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणांचा तोटा पडत नाही.

ओन्नो समुद्रकाठच्या नॉयझील गावचा. गावातल्या पंपघरात त्याने एकतीस वर्षं काढली. तिथली जमीन समुद्राहून खाली. पावसाचं पाणी रोज उपसून बांधापलीकडे टाकलं नाही, तर आठवड्याभरात गायींच्या गुडघ्याला लागतं. पंप चालू असतो तोवर पंपवाल्याला कुणी विचारत नाही. बंद पडला की सगळं गाव त्याच्या दारात. निवृत्त झाल्यावर या शहाण्याने पुन्हा तसलंच लोढणं हौसेने गळ्यात बांधून घेतलं. आपल्या गावाच्या गप्पा परक्या कंपन्यांच्या दारात कशाला मारायच्या, म्हणून त्याने स्वयंपाकघरामागच्या कोठीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि गावापुरता सर्व्हर सुरू केला. नाव ठेवलं 'बांधामागे'.

दोनशे बारा माणसं त्यावर होती. कुणाचं मांजर हरवलं, बांधावर कुणाच्या मेंढ्या सुटल्या, चर्चमधल्या गाण्याची तालीम कधी, असल्या गप्पा. असे छोटे सर्व्हर जगात हजारोंनी आहेत, आणि प्रत्येकामागे कुणीतरी एक ओन्नो खपत असतो. ते सगळे आपसांत जोडलेले असतात, त्यामुळे नॉयझीलच्या माणसाचं लिहिणं दूरच्या सर्व्हरवरच्या माणसालाही दिसतं. आणि एखादा सर्व्हर फारच घाण करू लागला की बाकीचे त्याला वाळीत टाकतात. मग त्याचं काही इकडे येत नाही, इकडचं काही तिकडे जात नाही. कुणाला वाळीत टाकायचं हे ज्याचा सर्व्हर त्याने ठरवायचं.

ओन्नो रोज सकाळी सात वाजता बांधाच्या दरवाज्याशी जायचा, तिथल्या पट्टीवर पाणी किती आहे ते बघायचा, फोटो काढायचा आणि 'बांधामागे'वर टाकायचा. खाली एक ओळ. "दोन मीटर दहा. चढतंय." बस. कुणी मागितलं नव्हतं. पंपघरातली सवय. गावातले पाच-सहा जण ते वाचून चांदणी दाबायचे, म्हणजे वाचलं एवढंच सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांत एक परकी चांदणी दिसली. नावाच्या जागी नुसतं 'शिट्टी', आणि चित्र म्हणून ऑर्गनची एक जुनी शिशाची नळी. ती नळी ओन्नोने ओळखली. त्याच्याच माळ्यावर ती बारा वर्षं पडून होती. त्याची मुलगी टोम्के चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायची, आणि शिकत असताना तिने केलेली ती पहिली नळी.

बापलेकीत सहा वर्षं बोलणं नव्हतं. टोम्केची आई शेवटच्या आजारात असताना मुलीचं म्हणणं, मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवा. ओन्नोचं म्हणणं, इथले डॉक्टर नको म्हणतात. आई गेली. माती देऊन घरी आल्यावर, ओव्हरकोटही न काढता टोम्के म्हणाली, "तुम्ही मारलंत तिला. आणि वर डॉक्टरांचं नाव पुढे करताय." ओन्नो म्हणाला, "आजपासून मला मुलगी नाही." बोलायला एक क्षण लागला. ती त्याच कोटात निघून गेली. नंतर तिने फोन नंबर बदलला, घर बदललं, आणि ओन्नोने वर्षभराने पाठवलेलं पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं.

आणि मग दोन वर्षं ही चांदणी. रोज सात वाजून दहा-बारा मिनिटांनी. ती एक शब्द लिहीत नव्हती, हाही लिहीत नव्हता. तीन आठवडे घोळ घालून त्याने तिला उलट फॉलो केलं. त्यानंतर त्याचा दिवस सात वाजून बारा मिनिटांनी सुरू व्हायचा. पोरगी आहे, जागी झाली आहे, बापाचं पाणी बघते आहे. म्हाताऱ्याला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर तो तेवढ्यावरच जगत होता.

चांदणी थांबून अकरा दिवस झाले, तेव्हा गेशे आली.

गेशेने चाळीस वर्षं गावात टपाल वाटलेलं. आता ओन्नोला सर्व्हरवर हात लावायला तीच. कुणी कुणाची तक्रार केली, की ती आधी वाचायची आणि ओन्नोला सांगायची. ती खुर्चीत बसली, कपात खडीसाखरेचा खडा टाकला, त्यावर चहा ओतून घेतला, खडा तडकल्याचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "काय रे ओन्नो, तुझी ती शिट्टी दिसत नाही हल्ली?"

"कुठली शिट्टी?"

"मला नको शिकवूस. चाळीस वर्षं पाकिटं वाटलीत मी. कुणाचं कुणाला येतं आणि कुणाचं यायचं थांबतं, ते मला पाकीट न फोडता कळतं. टोम्केच ना ती?"

ओन्नो म्हणाला, "अकरा दिवस झाले."

"आणि तू काय केलंस?"

"काय करायचं? कंटाळली असेल. बापाचं पाणी किती दिवस बघायचं माणसाने?"

"अरे, निदान तिचं पान उघडून तरी बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. उघडलं आणि तिने आपल्याला काढून टाकलेलं दिसलं तर, या भीतीने अकरा दिवस तो त्या पानाच्या आसपासही फिरकला नव्हता. गेशेने कप ठेवला, सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली आणि नाव टाकलं. काही सापडलं नाही. तिने पुन्हा टाकलं. मग शिट्टी ज्या सर्व्हरवर होती त्याचंच नाव टाकलं. 'भाता' त्याचं नाव. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या चाळीसेक लोकांचा सर्व्हर, पलीकडे हॉलंडातला सीत्से नावाचा कुणी एक जण चालवायचा.

गेशेने वाळीत टाकलेल्यांची पाटी उघडून बघितली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ओन्नो, हा आपल्याकडे वाळीत आहे."

"शक्य नाही. मी नाही टाकला."

"एक तारखेला टाकलास. त्या यादीबरोबर."

ओन्नो बटाट्यांच्या पोत्यावर बसला.

झालं होतं असं. फेब्रुवारीच्या अखेरीस कुठल्याशा सर्व्हरांवरून 'बांधामागे'वर घाणीचा पूर आला. नको ती चित्रं, नको ते शब्द, चर्चमध्ये गाणाऱ्या गावातल्या बायकांच्या नावानिशी. तीन दिवस गेशे आणि ओन्नो एकेक पुसत होते. दहा पुसली की तीस नवी. लोक चिडले. मग गेशे म्हणाली होती, "सगळेजण ती तयार यादी घेतात, तू पण घे. किती दिवस एकेक नाव चाळत बसणार?" काही मोठ्या सर्व्हरांची माणसं मिळून वाईट सर्व्हरांची यादी ठेवायची, तेराशे चाळीस नावं. ओन्नो एरवी ताकही फुंकून पिणारा. दुसऱ्याच्या यादीतलं एक नावही त्याने कधी स्वतः पडताळल्याशिवाय घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी त्याचे डोळे चुरचुरत होते आणि लोकांच्या शिव्या खाऊन डोकं बधिर झालं होतं. त्याने यादी आत घेतली. मशीनने तिच्यावर एक पिवळी ओळ दाखवली: यातल्या एका सर्व्हरशी तुमच्या माणसाचं नातं आहे, ते कायमचं तुटेल, खात्री आहे का?

"आणि मी काय म्हणालो, आठवतंय का तुला?" ओन्नोने पोत्यावरून विचारलं.

गेशेला आठवत होतं. तेव्हा ती शेजारीच उभी होती.

"म्हणालो, तेराशे जातायत, एकाने काय होतंय. आणि 'सगळे' यावर खूण केली."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. 'भाता' त्या यादीत का होता, तेही गेशेने शोधून काढलं. वर्षापूर्वी सीत्सेचं आणि दुसऱ्या कुणा चालकाचं कशावरून तरी वाजलं होतं. त्या दुसऱ्याने रागाच्या भरात 'भात्या'चं नाव घातलं, भांडण मिटलं, नाव काढायचं राहून गेलं. चाळीस ऑर्गनवाल्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं, देव जाणे.

ओन्नोने वाळीतून नाव काढलं. बैल गेला आणि झोपा केला. कारण वाळीत टाकताना मशीन दोन माणसांमधला धागा कापतं, आणि वाळीतून काढल्यावर तो धागा परत जोडत नाही. तिकडच्या माणसाला काही कळवतही नाही. टोम्केच्या स्क्रीनवर एवढंच झालं असणार, की एका सकाळी बापाचं पाणी आलं नाही, आणि तिने पाहिलं तर ज्यांना ती फॉलो करत होती त्यांत बापाचं नावच नाही.

"म्हणजे तिला वाटलं असेल..." गेशे बोलता बोलता थांबली.

"हो," ओन्नो म्हणाला.

मग तो उठला आणि त्याने नोंदवही उघडली. सर्व्हरच्या दाराशी कोण कधी आलं, आत घेतलं की परतवलं, याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. आत काय होतं ते ठेवत नाही. ओन्नोने त्यात स्वतःचा एक रकाना वाढवला होता: आलेलं ओझं किती. पाणी किती आलं हे मोजल्याशिवाय त्या माणसाला कधी चैन पडलं नव्हतं.

'भात्या'वरचं नॉयझीलशी संबंध असलेलं माणूस एकच. त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. पाच तारीख, सात वाजून एकतीस मिनिटं: आलं, परतवलं. छोटं ओझं, म्हणजे पुन्हा फॉलो करायला बघितलं असणार. सात चौतीस: आलं, परतवलं. आठ तारीख, सात वाजून नऊ: आलं, परतवलं. आणि नऊ तारखेला सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी आणखी एक. बाकी सगळी ओझी हजार-दीड हजार अक्षरांची. हे सात हजाराचं.

"हे काय आहे?" गेशेने विचारलं.

"पत्र," ओन्नो म्हणाला. "वरचं वेष्टन वजा केलं तर पाच हजार अक्षरं. अडीच-तीन पानं."

"तिने लिहिलं?"

"मला. नुसतं मला."

"मग असेल ना कुठेतरी! मशीन काय खातं का पत्र? आमच्याकडे न पोचलेलं टपालसुद्धा वर्षभर ठेवत होतो रे."

"वाळीत टाकलेल्याचं ठेवत नाही. दारातूनच परत. तसंच केलंय ते. मीच तसं लावलंय." ओन्नोने त्या सात हजाराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथून उचललं नाही. सहा वर्षांनी लेक बापाशी तीन पानं बोलली होती, आणि त्या बोलण्याचं त्याच्यापाशी फक्त वजन उरलं होतं.

गेशेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं आणि एकदम करड्या आवाजात म्हणाली, "रडायला वेळ आहे नंतर. फॉलो कर तिला. आत्ता. मेसेज टाक. चूक झाली म्हणून सांग."

त्याने केलं. क्षणभराने उत्तर आलं: असं खातं नाही.

मग त्याने सीत्सेला लिहिलं. एक चालक दुसऱ्या चालकाला लिहितो तसं, सगळं खरं. यादी, पिवळी ओळ, सगळं. फक्त टोम्के आपली कोण, ते लिहिलं नाही. का नाही लिहिलं, विचारू नका. सहा वर्षं जो शब्द त्याने तोंडातून काढला नव्हता, तो परक्या माणसाला लिहिताना हात चालला नसेल. गेशे तीन कप होईपर्यंत थांबली. नॉयझीलमध्ये तीन कपांआधी उठणं म्हणजे अपमान. ती पाचव्या कपापर्यंत बसली, पण उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. गेशे तेव्हाही होती. तिनेच मोठ्याने वाचलं, कारण ओन्नोला चष्मा सापडत नव्हता, आणि चष्मा त्याच्या कपाळावरच होता.

"प्रिय ओन्नो, यादीचं असं होतं खरं, माझ्याकडूनही झालंय. राग नाही. पण त्या बाईने दहा तारखेला खातं बंद केलं. पत्ता तिने ठेवला नाही, आणि ठेवला असता तरी मी दिला नसता, हे तुम्हीही चालक आहात म्हणून तुम्हाला पटेल. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. जायच्या आधी तिने मला विचारलं, माझं पत्र पोचत नाहीये, बिघाड आपल्याकडे आहे की तिकडे? मी तपासलं आणि सांगितलं, बिघाड कुठेच नाही, तिकडून दार लावलंय. ती म्हणाली, असं आपोआप होतं का? मी म्हणालो, नाही. चालकाला स्वतः खूण करावी लागते, आणि त्याआधी मशीन त्याला विचारतं. तिने विचारलं, तिथे चालक कितीजण आहेत? मी तुमचं पान बघितलं. तिथे एकच नाव होतं, ते मी तिला सांगितलं. ती तुमची कोण, मला माहीत नाही. माझं काही चुकलं असेल तर..."

गेशेने पुढचं वाचलं नाही.

"त्याचं काही चुकलेलं नाही," ओन्नो म्हणाला. "मीही हेच सांगितलं असतं. शब्दन् शब्द."

"आपण ड्रेस्डेनला जाऊ," गेशे म्हणाली. "टोम्केचं शेवटचं घर त्याच शहरात होतं ना? ऑर्गन दुरुस्त करणारे असे कितीसे असतात? दारोदार विचारीन मी. टपालवाली आहे, मला लाज नाही."

"आणि सापडली तर काय सांगू?"

"खरं ते सांग. यादी होती, मशीन होतं..."

"आईच्या वेळी डॉक्टर होते," ओन्नो म्हणाला. "आता मशीन. तिचं म्हणणं तेच होतं गेशे, की तुम्ही नेहमी दुसऱ्याचं नाव पुढे करता. आणि मशीनने विचारलं होतं मला. नीट, पिवळ्या अक्षरांत विचारलं होतं. मी हो म्हणालो."

म्हातारा हट्टी होता, आणि त्याच्या हट्टात या वेळी खोट काढायला जागा नव्हती, हेच वाईट.

"मी फावडं रोवतो," तो म्हणाला.

त्या किनाऱ्यावर जुन्या काळी कायदा होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येईना, त्याने त्यात फावडं रोवायचं आणि घरदार सोडून चालतं व्हायचं. जो ते फावडं उपटेल, घर त्याचं आणि बांधही त्याचा. सर्व्हर सुरू करताना ओन्नोने नियमांच्या पानावर गंमत म्हणून हेच लिहिलं होतं, की चालकाला झेपेनासं झालं तर तो फावडं रोवील.

"रोव," गेशे म्हणाली. "मी उपटते. तुला झेपत नसेल तर मी चालवते, त्यात काय." मग तिचा चेहरा बदलला. ती सावकाश म्हणाली, "पण मग पानावर माझं नाव येईल, ओन्नो. आणि उद्या-परवा, पाच वर्षांनी, कधी तिने बघितलंच, तर तुझं नाव तिथे नसेल. तिला वाटेल, बापाने दार लावलं आणि निघूनही गेला."

ओन्नोने मान हलवली. फावडं रोवायचीही सोय उरली नव्हती. आता मरेपर्यंत त्याला तो कॉम्प्युटर चालवायचा होता, घाण पुसायची होती, मांजरं आणि मेंढ्या सांभाळायच्या होत्या, आणि तेही त्याच पत्त्यावर, त्याच नावाने. त्याने चमचा कपात आडवा टाकला. म्हणजे आता चहा नको. गेशे उठली आणि जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो दरवाज्याशी गेला. वारा बोचरा होता. त्याने फोटो काढला, घरी येऊन टाकला आणि खाली लिहिलं, "एक मीटर चाळीस. ओसरतंय." मग तो कोठीत, पोत्यावर बसून राहिला. सव्वासातपर्यंत सहा चांदण्या आल्या. त्याने एकेक उघडून नाव बघितलं. सहाही गावातल्याच होत्या.